बिल्टी, ताडपत्री आणि आप्पांची वही

मुलांनो, आज सकाळी उठल्यापासून तुम्ही कोणकोणत्या वस्तूंना हात लावलात, आठवा बरं! दात घासायची पेस्ट, चहातली साखर, भाजीतलं मीठ, शाळेची वही, कंपासपेटी... यादी लांबतच जाईल. आपण त्यातली एकच वस्तू घेऊ. मीठ! मीठ समुद्राच्या पाण्यापासून तयार होतं, हे तुम्ही भूगोलात शिकलाच असाल. मग सांगा, आमच्या धुळ्याला नाहीतर जळगावला कुठे आहे समुद्र? सातपुडा आहे, तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. पण समुद्र काही नाही. तरी रोज आमच्या ताटात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ असतंच. कुणीतरी ते आणलेलं असतं.

ही गोष्ट त्या 'कुणीतरी'ची आहे. रात्रभर जागून माल वाहणाऱ्या ट्रकड्रायव्हरांची, त्यांच्या क्लीनरांची आणि खानदेशातल्या गावोगावच्या छोट्या छोट्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांची.

मी धुळ्याची. लहानपणी आमचं घर आग्रा रोडपासून जवळच एका गल्लीत होतं. आमच्या गल्लीत एक ट्रकड्रायव्हर राहायचे. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून आम्ही मुलंही आप्पाच म्हणायचो. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. आप्पा घरी आले, की आधी अंगणात बसून बादलीभर पाण्यानं हातपाय धुवायचे आणि मग खिशातून एक जाड पुठ्ठ्याची वही काढून तिच्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहायचे. त्या वहीबद्दल मी तुम्हांला पुढे सांगणार आहे. पण त्याआधी रस्त्याची ओळख करून घेऊ या.

चार दिशांचा चौक

नकाशा उघडा आणि धुळे शोधा. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता धुळ्यावरून जातो. सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा रस्ताही धुळ्यावरूनच जातो, आणि पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी गावं घेत विदर्भात शिरतो. पहिल्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणत, दुसऱ्याला क्रमांक ६. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. तेव्हापासून सुरत-नागपूर रस्ता ५३ क्रमांकाचा झाला. पण जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजूनही 'तीन नंबर' आणि 'सहा नंबर' हेच शब्द आहेत, बरं का!

रस्त्यांचं हे जाळं काही काल-परवाचं नाही. मोगलांच्या काळात सुरत हे मोठं बंदर होतं आणि बुऱ्हाणपूर ही मोठी पेठ. या दोन्हींच्या मधली वाट खानदेशातून जायची. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेनं गेला होता. त्यानं नवापूरच्या तांदळाचं कौतुक लिहून ठेवलं आहे. त्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असं तो म्हणतो! त्या काळी माल वाहायचे ते वंजारी आणि लमाण लोकांचे तांडे. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन बाजूंना लोंबणाऱ्या गोण्या, आणि त्यांत धान्य नाहीतर मीठ. म्हणजे आपलं मीठ तेव्हाही असंच प्रवास करून यायचं. आजच्या ट्रकड्रायव्हरांचे पूर्वज शोधायचे झाले, तर ते या तांड्यांमध्ये सापडतील.

पुढे आगगाडी आली. भुसावळ हे रेल्वेचं मोठं जंक्शन झालं. चाळीसगावहून धुळ्याला येणारा रेल्वेचा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. कापूस, शेंगा, केळी रेल्वेनं दूरवर जाऊ लागली. मग तुम्ही विचाराल, रेल्वे असताना ट्रक कशाला हवे होते?

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर असं, की आगगाडी स्टेशनापासून स्टेशनापर्यंत जाते. शेताच्या बांधावर ती येत नाही आणि दुकानाच्या दारातही थांबत नाही. समजा, यावल तालुक्यातल्या शेतात केळी आहेत. ती बैलगाडीत भरा, स्टेशनावर उतरवा, डब्यात चढवा, पुन्हा उतरवा, पुन्हा गाडीत भरा. दरवेळी घड आपटणार, केळी काळी पडणार आणि हमालीही द्यावी लागणार. ट्रकात एकदा भरलं, की थेट बाजारात! स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल रेल्वेनं जायचा. आज चित्र उलटं झालं आहे. आता निम्म्याहून कितीतरी जास्त माल रस्त्यानं जातो.

नाकवाले ट्रक

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि लष्कराला नको असलेल्या पुष्कळ मोटारलॉऱ्या लिलावात निघाल्या. देशभर अनेकांनी अशा जुन्या लॉऱ्या घेऊन धंद्याला सुरुवात केली. मग आपल्या देशातच ट्रक तयार होऊ लागले. १९५४ मध्ये जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यानं मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीशी करार केला आणि 'टाटा-मर्सिडीज' ट्रक रस्त्यावर आले. त्याशिवाय मद्रासकडचे अशोक लेलँड होते, मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारे फार्गो आणि डॉज होते, आणि बेडफर्डही होते.

हे ट्रक दिसायला आजच्यासारखे नव्हते हं! आजच्या ट्रकाचं तोंड सपाट असतं. तेव्हाच्या ट्रकांना पुढे चांगलं लांब नाक असायचं. इंजिन त्या नाकात. आम्ही मुलं त्यांना 'नाकवाले ट्रक' म्हणायचो. एखादा ट्रक घाटात तापला, की ड्रायव्हर ते नाक उघडून ठेवायचा आणि क्लीनर डबा घेऊन पाणी शोधायला पळायचा. सुकाणू फिरवायला एवढा जोर लागायचा, की आप्पांचे दंड पहिलवानासारखे झाले होते.

एका ट्रकात माल तरी किती मावायचा? दोन आसांच्या ट्रकात साधारण नऊ-दहा टन. म्हणजे शंभर-शंभर किलोची जवळजवळ शंभर पोती! तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांचं वजन केलं, तरी ते त्याच्या पाव हिश्श्यालाही पुरायचं नाही.

ट्रान्सपोर्ट कंपनी म्हणजे काय रे भाऊ?

'कंपनी' म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे उंच इमारत येत असेल. पण गावोगावच्या या कंपन्या म्हणजे बहुतेक वेळा रस्त्याकडेची एक खोली असायची. बाहेर लोखंडी पाटी, पाटीवर देवाचं नाहीतर गावाचं नाव आणि त्याच्यापुढे 'रोडलाइन्स', 'गुड्स ट्रान्सपोर्ट' किंवा 'रोडवेज'. आत एक लाकडी टेबल, काळा टेलिफोन, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर आणि कोपऱ्यात मालाचे खोके. मागे गोदाम. बाहेर तराजू आणि बाकावर बसलेले हमाल.

बऱ्याच कंपन्यांची सुरुवात एकाच ट्रकानं झाली. मालकच ड्रायव्हर, धाकटा भाऊ क्लीनर आणि चुलते हिशेब लिहायला! धंदा चालला, की दुसरा ट्रक. काहींचा वटवृक्षही झाला. कर्नाटकात विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकावर सुरुवात केली आणि त्यातून व्ही.आर.एल. ही देशातली मोठी कंपनी उभी राहिली. पण सगळ्याच रोपांचा वटवृक्ष होत नाही. खानदेशातल्या कितीतरी कंपन्या पाच-दहा ट्रकांच्या राहिल्या आणि पाच-दहा ट्रकांवरच त्यांनी गावाची गरज भागवली. जळगावची डाळ, धुळ्याचं तेल, दोंडाईचा-नंदुरबारची मिरची, रावेर-सावद्याची केळी आणि जिथं-तिथं कापसाच्या गाठी! जाताना हा माल न्यायचा आणि येताना मुंबईहून कापड, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, साबण आणायचे.

येताना माल मिळणं फार महत्त्वाचं बरं का! ट्रक रिकामा आला, तरी डिझेल तेवढंच जळतं, टायर तेवढेच झिजतात. म्हणून माल उतरला, की ड्रायव्हर अड्ड्यावर जाऊन परतीच्या मालाची वाट बघत बसायचा. कधी दोन तास, कधी दोन दिवस, तर कधी चार दिवसही. आप्पा म्हणायचे, "गाडी चालवून माणूस थकत नाही रे पोरांनो. थांबून थांबून थकतो."

आता या धंद्यातला सगळ्यांत महत्त्वाचा कागद कोणता, ते सांगते. त्याचं नाव बिल्टी. माल कुणी पाठवला, कुणाला पाठवला, नग किती, वजन किती, भाडं किती, हे सगळं बिल्टीवर लिहितात. पूर्वी कार्बन पेपर घालून एकाच वेळी तीन-चार प्रती निघायच्या. एक प्रत माल पाठवणाऱ्याला, एक ट्रकाबरोबर, एक कंपनीच्या दप्तरात. माल पाठवणारा आपली प्रत टपालानं किंवा बँकेतून दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला पाठवायचा. बिल्टी दाखवली, की माल ताब्यात! बिल्टीवर 'टू पे' लिहिलेलं असलं, तर भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं.

जरा विचार करा. दोन व्यापारी एकमेकांना कधी भेटलेले नसायचे. हजारो रुपयांचा माल एका अनोळखी ड्रायव्हरच्या हाती सोपवलेला असायचा आणि मध्ये होता फक्त एक पातळ कागद! कायदा होताच. माल वाहणाऱ्यानं मालाची जबाबदारी घ्यायची, असा कायदा इंग्रजांनी १८६५ मध्ये केला होता. तो तब्बल १४६ वर्षं टिकला. त्याच्या जागी केलेला २००७ चा नवा कायदा २०११ मध्ये लागू झाला. पण रात्री दोन वाजता, सामसूम रस्त्यावर, कायदा बघायला कोण येतं? तिथं ड्रायव्हरची नियतच कामी येते.

केबिनमधली शाळा

ड्रायव्हर व्हायचं शिक्षण कुठल्या शाळेत मिळायचं? केबिनमध्ये! आधी क्लीनर व्हायचं. काचा पुसायच्या, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, चाक बदलायचं, स्टोव्हवर डाळ-भात शिजवायचा. ट्रक चढावर थांबला, की खाली उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा. गाडी मागे घेताना मागे उभं राहून, फळी ठोकत "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचं.

क्लीनरच्या हाती एक लोखंडी टॉमी असायची. ट्रक थांबला, की तो सगळ्या चाकांवर तिचा एकेक ठोका मारत फिरायचा. आम्हांला वाटायचं, हा गंमत करतो. पण नाही! टायरमध्ये हवा भरपूर असेल, तर ठोक्याचा आवाज टणक येतो. हवा कमी असेल, तर आवाज बसका येतो. दोन चाकं एकमेकांना चिकटून असतात ना, त्यांतलं एक बसलं तरी डोळ्यांना चटकन दिसत नाही. कानाला मात्र कळतं.

ताडपत्री बांधणं ही तर कलाच होती. दोर इतका ताणायचा, की वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोकही फडफडता कामा नये. एका कोपऱ्यातून पाणी शिरलं, की खालची पोती भिजलीच. आणि गाठ अशी मारायची, की ओढली तर घट्ट होईल. पण सोडायची म्हटलं तर एका झटक्यात सुटेल.

सगळ्यांत अवघड परीक्षा घाटाची. खानदेशाला चहूबाजूंनी घाटांचे दरवाजे आहेत. मुंबईकडे निघालं, की धुळ्याबाहेर लळिंग, मग चांदवडजवळचा राहूड घाट आणि नाशिक-इगतपुरी मागे टाकल्यावर कसारा घाट. इंदूरकडे जाताना सेंधव्याजवळचा बिजासन घाट. तिथं बिजासन मातेचं देऊळ आहे. ड्रायव्हर तिथं हात जोडूनच पुढे जायचे. सुरतेकडे कोंडाईबारी. आणि चाळीसगावहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जायला कन्नडचा घाट. त्याला औट्रम घाटही म्हणतात. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं आहे.

तुम्हांला काय वाटतं, घाट चढणं अवघड की उतरणं? आम्ही म्हणायचो, चढणं. आप्पा हसायचे. ते म्हणायचे, "चढताना गाडी दमते. उतरताना माणूस चुकतो." यात एक साधं विज्ञान आहे. दहा टन माल घेऊन उतारावरून येणारा ट्रक आपोआप वेग घेतो. सारखा ब्रेक दाबून ठेवला, तर घर्षणानं ब्रेकचे लायनर तापतात. फार तापले, की त्यांची पकड जाते आणि मग ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता, घाट ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना आवरून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणारे काही बहाद्दर असायचे. त्यांच्या गोष्टी सांगताना आप्पांचा आवाज खाली यायचा. कारण त्यांतले काही परत आलेच नव्हते.

केळी पिकली तेव्हा...

आता त्या वहीची गोष्ट. ऐंशीच्या दशकातला एक पावसाळा. मी आणि आप्पांची मुलगी तेव्हा सहावीत होतो. आप्पा सावद्याहून कच्च्या केळ्यांचा ट्रक घेऊन मुंबईला निघाले. एका शेतकऱ्याच्या बागेचा तो माल होता. वर्षभराच्या कष्टाचा. इगतपुरीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तिथं पोचले आणि कळलं, पुढे घाटात दरड कोसळली आहे. रस्ता बंद! एकामागे एक ट्रक उभे राहिले. एक दिवस गेला, दुसरा गेला. पाऊस थांबायचं नाव घेईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि त्यांच्या नाकात गोड वास शिरला. केळी पिकायला लागली होती!

इथं एक गंमत सांगते. केळं पिकताना त्यातून एथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. हा वायू शेजारच्या केळ्यालाही पिकवतो. त्या केळ्यातून पुन्हा वायू, पुन्हा पुढचं केळं! बंद ताडपत्रीखाली, कोंदट उबेत, ही साखळी फार भरभर चालते. म्हणजे आज चार घड पिवळे दिसले, तर परवापर्यंत सगळा ट्रक गेला म्हणून समजा.

आता काय करायचं? ट्रक मागे वळवायलाही जागा नव्हती. केळी तिथंच विकून टाकावीत, तर माल आप्पांचा नाही. दुसऱ्याचा माल परवानगीवाचून विकायचा कसा? आणि नाही विकावा, तर तो डोळ्यांदेखत सडणार. तेव्हा मोबाइल नव्हते. आप्पा भर पावसात चालत पोस्टात गेले आणि त्यांनी जळगावच्या कंपनीच्या ऑफिसला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी फोन लागला. ऑफिसातले दिवाणजी म्हणाले, "तिथंच थांब. बागवाल्याला विचारतो आणि सांगतो." त्यांनी माणूस सायकलवरून पिटाळला. संध्याकाळी निरोप आला, 'मिळेल त्या भावात विका.'

पण त्या फोनवर दिवाणजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. "आप्पा, तुझी पोरगी तापानं फणफणली होती. धुळ्याच्या ऑफिसातून आपला माणूस जाऊन डॉक्टरला घरी घेऊन आला. आता ताप उतरलाय. काळजी करू नको."

आप्पा दोन दिवस अडकलेल्या ड्रायव्हरांना, आसपासच्या गावकऱ्यांना, दुकानदारांना केळी विकत राहिले. आलेला प्रत्येक रुपया वहीत लिहिला. परत आल्यावर त्यांनी ती वही दिवाणजींपुढे ठेवली. दिवाणजी वाचता वाचता एका ओळीवर थांबले. तिथं लिहिलं होतं, 'मी व क्लीनर यांनी खाल्ली, दीड डझन.' आणि पुढे त्या दीड डझनाचे पैसे जमा दाखवलेले!

"अरे, एवढ्या केळ्यांत दीड डझनाचं काय घेऊन बसलास?" दिवाणजी म्हणाले.

आप्पा आपल्या अहिराणीत म्हणाले, "माल आपला नही शे, पन जबाबदारी आपली शे."

त्या शेतकऱ्यानं पुढची कितीतरी वर्षं एकच अट घातली. माझी केळी जातील, तर आप्पांच्याच गाडीतून.

घरातली वाट

ही गोष्ट आप्पा मोठ्या रंगात सांगायचे. पण माझ्या मैत्रिणीला ती फारशी आवडायची नाही. एकदा तिनं मला कारण सांगितलं. ती म्हणाली, "माझा ताप उतरला ते अण्णांना फोनवर कळलं. पण ताप चढला तेव्हा मी त्यांनाच हाक मारत होते." (ती आपल्या वडिलांना अण्णा म्हणायची.)

मुलांनो, रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकामागे असं एक घर असतं. ड्रायव्हर दहा-पंधरा दिवसांनी घरी यायचा, दोन रात्री झोपायचा आणि पुन्हा निघायचा. आमच्या गल्लीत दिवाळीचे दिवे लागले, तरी त्या घरची आई दारात उभी राहून रस्त्याकडे बघत असायची. कंपनीचा पोऱ्या सायकलवरून येऊन सांगायचा, "वहिनी, गाडी मालेगावला पोचली, रात्रीपर्यंत येतील." तो निरोप म्हणजेच त्यांची दिवाळी.

मोटार चालवणाऱ्या कामगारांसाठी १९६१ मध्ये एक कायदा झाला. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, असं तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत सांगत होता. कागदावर ते फार चांगलं होतं. पण केळी, भाजी, दूध यांना कायदा वाचता येत नाही. व्यापाऱ्याला माल सकाळच्या बाजारात हवा असतो. म्हणून ड्रायव्हर डोळ्यांवर पाणी मारून पुढे निघतो. महामार्गावरच्या कितीतरी अपघातांमागे एक अपुरी झोप असते.

पाटी उतरली

नव्वदच्या दशकात एकेक करून पाट्या उतरायला लागल्या. मोठे, जास्त चाकांचे ट्रक आले. ते घ्यायला मोठी कर्जं लागायची. देशभर शाखा असलेल्या कंपन्यांपुढे पाच ट्रकांच्या कंपनीचं चालेना. मालकांची मुलं शिकून दुसऱ्या गावी गेली. आप्पांची कंपनीही बंद झाली. पंचवीस वर्षं गाडी चालवल्यावर आप्पांच्या हाती एक नारळ, शाल आणि महिन्याचा पगार पडला. पेन्शन नाही, फंड नाही. मिळाली होती ती कंबरदुखी आणि समोरच्या गाड्यांचे दिवे बघून बघून अधू झालेली नजर. दिवाणजी भले माणूस होते, तो माणुसकीचा धागा खरा होता. पण नुसत्या माणुसकीवर म्हातारपण निघत नाही, हेही तितकंच खरं आहे.

काही गोष्टी चांगल्याही झाल्या, बरं का! पूर्वी गावोगावच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि तोवर उरलेली जकातही गेली. मालाची माहिती आता संगणकावरच्या ई-वे बिलात असते. टोलनाक्यावर फास्टॅग आहे. मोबाइलमुळे ड्रायव्हर रोज मुलांशी बोलू शकतो. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलंच पाहिजे, असा नियम झाला आहे. भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय आणि त्यात इंजिनाची धग ज्यानं अंगावर घेतलीय, त्यालाच या नियमाची किंमत कळेल!

ट्रकांच्या पाठीही बदलल्या. पूर्वी त्यांवर मोर, कमळं, डोंगरामागचा सूर्य रंगवलेला असायचा. 'आईचा आशीर्वाद', 'सप्तशृंगी माता प्रसन्न' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं. 'हॉर्न ओके प्लीज' तर असायचंच. विनाकारण हॉर्न वाजवायला ते उत्तेजन देतं, म्हणून महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली.

आता तुमची पाळी

पुढच्या वेळी बसनं प्रवास कराल, तेव्हा खिडकीतून ट्रकांच्या पाट्या वाचा. एम.एच. १८ म्हणजे धुळे, १९ म्हणजे जळगाव, ३९ म्हणजे नंदुरबार. त्या ट्रकात काय असेल, तो कुठून निघाला असेल, याचा अंदाज बांधा. तुमच्या गावात एखादी जुनी ट्रान्सपोर्ट कंपनी होती का, ते आजोबांना विचारा. घरात किंवा दुकानात जुनी बिल्टी सापडली, तर टाकून देऊ नका. तुमच्या गावचा इतिहास आहे तो!

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उभ्या ट्रकाच्या अगदी पुढून किंवा मागून कधीही रस्ता ओलांडू नका. सायकलवर असाल, तर ट्रकाच्या डाव्या कुशीला चिकटून जाऊ नका. उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला त्या जागा दिसत नाहीत. ट्रकाच्या आरशात तुम्हांला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं समजा. हा नियम आप्पांनी आम्हांला शिकवला होता.

आप्पा आता नाहीत. त्यांची वही माझ्या मैत्रिणीकडे आहे. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. तिनं ती वही काढून माझ्यासमोर ठेवली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली आहेत. सावदा, मालेगाव, इंदूर, सुरत... गावांची नावं, डिझेलचे आकडे, पंक्चरचे पैसे. त्या पावसाळ्याचं पान आम्ही शोधून काढलं. दीड डझन केळ्यांची ती ओळ अजून तिथं आहे.

तिच्या खाली आणखी एक ओळ होती. ती आप्पांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. 'मुलीसाठी औषध व बाहुली, इगतपुरी. स्वतःचे पैसे.'

मैत्रीण म्हणाली, "ती बाहुली मला आठवते गं. भिजून तिचा रंग गेला होता. मी तेव्हा रुसून ती कोपऱ्यात टाकून दिली होती."

मग तिनं वही मिटली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात परत ठेवून दिली.